आतून स्वच्छ

माझ्या धाकट्या भावाच्या घरी जेवणाच्या टेबलावर एका शब्दाला बंदी आहे. शब्द एकाच अक्षराचा आहे आणि बोलता येण्याआधीपासून प्रत्येकाची त्या वस्तूशी ओळख असते. गू. माझा भाऊ श्रीरंग त्याला 'मटेरियल' म्हणतो. त्याची बायको मुग्धा नुसतं 'ते' म्हणते, आणि म्हणताना नाक असं आवळते की ते जणू तिच्याच ताटात वाढलंय. मी मात्र गूच म्हणते, कारण माझं पोट त्यावर चालतं. मिरजेच्या 'अंतर्जीव' नावाच्या प्रयोगशाळेत मी दहाएक वर्षं निरोगी माणसांचा गू घेते, गाळते, धुते, त्यातली जंतूंची वस्ती वेगळी काढते, गोठवते आणि कॅप्सुलांमध्ये भरते. लोकांना वाटतं, या बाईला रोज मळमळत असेल. त्या कामाने मला कधीही मळमळलं नाही. मळमळ मला आणली ती माणसांनी, आणि तीही माझ्या घरच्या.

श्रीरंगची मुलगी मैथिली सोळा वर्षांची. दोरीच्या मल्लखांबात जिल्ह्यात पहिली आलेली. कमरेला दोरीचा वेढा घेऊन ती उलटी लटकायची तेव्हा मला खाली मान घालावी लागायची, इतकी भीती वाटायची. मग तिला तो आजार झाला. शरीराचे पहारेकरी शरीरावरच उलटले आणि मोठ्या आतड्याचं अस्तर खरवडू लागले. दिवसातून पंधरा वेळा रक्त पडायचं. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी सर्जन म्हणाले, मोठं आतडं काढून टाकू, पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावू, पोरगी जगेल. जगेल हे खरंच होतं. पण पोटावर पिशवी घेऊन दोरीला वेढा घालता येत नाही.

म्हणून मी कॅप्सुलांचा विषय काढला. आणि कॅप्सुला लागू पडल्या. दोन महिन्यांत रक्त थांबलं, गालांवर मांस आलं. एका रविवारी श्रीरंगकडे जेवताना मैथिलीने तिसरी भाकरी मागितली आणि मुग्धाला रडू फुटलं. मलाही फुटणार होतं, एवढ्यात श्रीरंगने घसा खाकरला.

"ताई, हे मटेरियल देणारी बाई कोण आहे गं?"

"निरोगी आहे."

"तसं नाही. घरची कशी आहे? म्हणजे आपल्यातली आहे का?"

"आपल्यातल्यांच्या पोटात काही उरलेलं नाही रे," मी म्हटलं. "उरलं असतं तर तुझाच गू दिला असता."

"आत्या!" मैथिली खुदकन हसली. मुग्धाने आमटीचं भांडं उचलून दुसरीकडे ठेवलं.

मी बोलले त्यात चेष्टा कमी होती. माणसाच्या मोठ्या आतड्यात जंतूंचं एक गाव वसलेलं असतं. शेकडो जातींचे जंतू, कोट्यवधींनी. ते आपण न पचवलेलं खातात आणि बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसतात, पहारेकऱ्यांना शिस्त लावतात. शहरातल्या लोकांनी दोन-तीन पिढ्या उठसूट अँटिबायोटिक खाल्लं, मैदा खाल्ला, तयार पाकिटं खाल्ली, आणि या गावातली घरंच्या घरं ओस पडली. जे जंतू गेले ते आईकडून मुलीकडेही जात नाहीत, कारण आईकडेच नसतात. आमच्या प्रयोगशाळेला अशीच एक हरवलेली जात सापडली होती. ती खेकड्याच्या कवचावर आणि सुकवलेल्या जवळ्याच्या सालींवर जगते. ते कठीण कवच ती कुरतडते आणि त्यातून असं द्रव्य तयार करते की पिसाळलेले पहारेकरी शांत होतात. तिचं शास्त्रीय नाव चार ओळींचं आहे. आम्ही तिला 'खेकडी' म्हणायचो.

या खेकडीची एकच अडचण होती. ती एकटी वाढत नाही. काचेच्या बशीत ठेवली की मरते, गोठवून ठेवली तरी आठवड्यापलीकडे टिकत नाही. तिला शेजारीपाजारी लागतात, सगळं बिऱ्हाड लागतं. म्हणून ती कारखान्यात करता येत नाही. जिच्या पोटात आहे तिच्याकडूनच घ्यावी लागते, विरजणासारखी. आणि खेकडे न खाणाऱ्याच्या पोटात ती कायमची रुजत नाही, म्हणून कॅप्सुला घेत राहावं लागतं.

"मांसाहारी आहे ती बाई?" मुग्धाने विचारलं.

"खेकडे खाते. म्हणून तर खेकडी आहे."

श्रीरंगने विचारवंतासारखी मान हलवली. "हे बघ मुग्धा, जंतूंना जात नसते. आणि आपल्याकडे पंचगव्य होतंच की. आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं."

पूर्वजांना पुढे केलं की माझ्या भावाला काहीही गिळता येतं. त्या दिवशी मला वाटलं, चला, सुटलो.

श्रीरंग राहतो ते 'सात्त्विक संकुल' विश्रामबागेच्या पुढे नवं झालंय. तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण अळंबीसुद्धा तामसी म्हणून बंद आहे. फाटकावर वास घेणारं यंत्र बसवलंय, त्याला सगळे 'नाक' म्हणतात. पिशवीतून, डब्यातून, माणसाच्या कपड्यांतून नको तो वास आला की लाल दिवा लागतो आणि शिट्टी वाजते. पुढच्या बाजूला रहिवाशांची लिफ्ट, मागच्या बाजूला मोलकरणींची, पार्सलांची आणि कचऱ्याची. इतकी स्वच्छता मी फक्त शवागारात पाहिली आहे.

तर त्या रविवारनंतर महिन्याभराने मी प्रयोगशाळेत गेले आणि पाहिलं तर काजलचा डबा आलेला नव्हता. काजल भोई म्हणजे आमची दात्री, जिचा गू मैथिलीच्या कॅप्सुलांत जायचा ती. कृष्णेकाठच्या भोई वस्तीतली, पंचविशीची, मंडईत मासळी विकणारी, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितल्यावर ती पोट धरून हसली होती. "बाई, आमची मासळी बघून लोक नाकाला रुमाल लावत्यात, आन् गुवासाठी एसी गाडी पाठवत्यात! कलयुग म्हंत्यात ते हेच." खेकड्याच्या नांग्या कवचासकट खलबत्त्यात कुटून, फडक्यातून पिळून तिची आई रस्सा करते, तो तिने मला वर्णन करून सांगितला होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मी संचालकांना विचारलं, काजल कुठे आहे? ते खुशीत म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही? तुमच्या भावांनी तिला निवासी दात्री म्हणून घेतलं. फक्त त्यांच्या मुलीसाठी. करार झाला."

"तिला विचारलं?"

"सही केलीय तिने. खूश आहे."

दात्याचं नाव गुप्त ठेवायचं हा आमचा नियम. तो किती टिकला ते दिसलंच. मी स्कूटर काढली आणि तडक संकुलावर गेले.

काजल तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत होती. अंगावर नवा पांढरा ड्रेस, केसांना कडुनिंबाचा वास. मला बघून तिला बरं वाटलं. "गारगार हाय बगा खोली. पण फाटकावर त्या नाकानं लय शिट्ट्या मारल्या. जवळ्याचा डबा आणलावता आईनं दिलेला. त्यो टाकला त्यांनी. मला मागच्या लिफ्टनं वर नेलं, वरच्या बाईंनी आंगूळ घातली दोनदा. नवरीला बी एवढी घालत न्हाईत."

"खायला काय देतात?"

"मुगाची खिचडी. वर तूप. सकाळी बी खिचडी, सांजंला बी खिचडी. मी काय आजारी हाय का?"

वर जाऊन मी श्रीरंगला धारेवर धरलं. तो लॅपटॉपवरून डोळेही काढेना.

"ताई, उगाच अकांडतांडव नको. फायबर हवं ना त्यांना? ओट्स सुरू करतोय. त्या जंतूंना काय कळतंय खेकडा आहे की ओट्स?"

"तुला कळतं ना, पोळी आहे की पुठ्ठा?"

"तू म्हणतेस तसे खेकडे या घरात शिजणार नाहीत. आणि बाहेरून खाऊन आलेलीही चालणार नाही. शेवटी ते कुठे जाणार आहे, विचार कर."

"जंतूंना जात नसते म्हणालास ना तू?"

"जंतूंना नसते," श्रीरंग म्हणाला. "पण अन्नाचे गुणधर्म असतात."

मी तडजोड करून पाहिली. अळंबीतही तसलंच द्रव्य असतं, खेकडीला ते तितकंसं आवडत नाही, पण उपाशी तरी मरणार नाही. म्हटलं, अळंबीची पूड चालेल का? तर अळंबी तामसी. मग मी सरळ चोरी केली. जवळा कुटून त्याची पूड टाल्कम पावडरच्या डब्यात भरली, वर दोन बोटं पावडर घातली आणि काजलसाठी घेऊन गेले. फाटकावर शिट्टी अशी वाजली की बागेतले म्हातारे उठून उभे राहिले. वॉचमन बाबर धावत आला, डब्यात डोकावला आणि दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "म्याडम, तुमी बी?"

त्यावर श्रीरंगचा फोन आला, की आता थोडे दिवस आपण फोनवरच बोलू.

संकुलातून डबे येत राहिले. करारातच तसं होतं: दात्री त्यांची, काम आमचं. पहिल्या दोन आठवड्यांत खेकडीची संख्या निम्मी झाली, तसं मी श्रीरंगला कळवलं. त्याने हात जोडलेल्याचं चित्र पाठवलं. मी संचालकांकडे गेले, तर ते म्हणाले, "ग्राहक समाधानी आहे, विभाताई. मुलगी बरी आहे." मैथिलीला मी रोज विचारायची. ती रोज म्हणायची, मस्त आहे आत्या.

मग एका सोमवारी मी डबा उघडला. वास नव्हता. लोकांना वाटेल, बरंच झालं की. पण माझ्या धंद्यात वास म्हणजे वस्ती जागी असल्याची खूण. भाजी, भाकरी, मासळी, ज्याच्या त्याच्या घरचा वेगळा वास असतो, मी डोळे मिटून डबे ओळखते. हा डबा कोणाचाच नव्हता. फिकट, पातळ, लाद्या पुसल्यावर बादलीत उरतं तसं पाणी. तपासलं. खेकडी एकही नाही. तिचे शेजारी नाहीत. सगळं गाव उठून गेलेलं.

आहार बदलला तर गाव आटतं. असं एका आठवड्यात नामशेष होत नाही. असं एकाच गोष्टीने होतं, आणि ती गोष्ट कुठल्या शहाण्याने केली असेल यावर माझा विश्वास बसेना. मी डबा तसाच टेबलावर टाकला आणि निघाले.

दार मुग्धाने उघडलं. मी चप्पल न काढता आत गेले.

"काजलला काय दिलंस?"

"काही नाही गं."

"मुग्धा, काय दिलंस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्या आठवड्यापासून मनात होतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना विचारलं. सात दिवसांचा कोर्स. दोन प्रकारचं अँटिबायोटिक आणि जंताच्या गोळ्या. म्हटलं, नुसत्या खिचडीने काय होणार? इतक्या वर्षांचं काय काय साठलेलं असेल. आपल्या मुलीच्या तोंडात जाणार, तर तिला आधी आतून स्वच्छ करून घेऊ."

आतून स्वच्छ. मी तिथेच सोफ्यावर बसले. माझ्या पोटातून काहीतरी वर आलं आणि घशाशी थांबलं. गुवाचे डबे उपसताना कधी न आलेली ती ओकारी होती.

"तू रोज दही लावतेस ना?" मी म्हटलं. "विरजण उकळून लावतेस का गं कधी?"

मुग्धाच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं. दही लावणारीला ते समजायला शास्त्र लागत नाही. पण समजल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य काय आलं? "मला ते पटतच नव्हतं गं. ती कुठे कुठे काय काय खाते, आणि ते माझ्या मैथिलीच्या…" ती रडायला लागली. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मला किळस आली. तिच्या त्या धुतलेल्या हातांची, त्या पांढऱ्या फरशीची, देवघरातल्या उदबत्तीची, आणि ज्या आईच्या पोटी श्रीरंग जन्मला तिच्याच पोटी मी जन्मले याची.

"आई." मैथिली दारात उभी होती. भिंतीला धरून. "आठ दिवस झाले रक्त पडतंय मला. तुम्ही दोघं इतके खूश होतात, म्हणून बोलले नाही."

तळमजल्यावर काजल अंगाचं मुटकुळं करून पडली होती. जुलाब, मुरडा, उलट्या. "बाई, माझं पोट माझं ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "काल आईनं फाटकाबाहेर बोलवून गुपचूप रस्सा पाजला, त्यो सगळा भडभडून पडला. आईच्या हातचा रस्सा! आसं कधी झालं नव्हतं वो."

मी एका हाताने मैथिलीला इस्पितळात भरती केलं आणि दुसऱ्या हाताने काजलला तिच्या घरी नेलं. श्रीरंगने त्याच्या गाडीतून आमच्या मागे यायचं ठरवलं. भोई वस्तीत पोचल्यावर त्याने काचा वर घेतल्या आणि आतच बसून राहिला. बाहेर जाळी वाळत होती, त्यांचा वास येत होता.

काजलची आई, गौराबाई, अंगणात खेकडे निवडत होती. मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. खेकडी आता कोणाच्या पोटात असू शकते हेही सांगितलं. वस्तीतल्या बाकीच्यांना दोन वर्षांमागच्या महापुरात छावणीत सरसकट गोळ्या वाटल्या होत्या, तापाची साथ येऊ नये म्हणून. काजल आणि गौराबाई तेव्हा पुरापासून लांब, मावशीच्या गावी होत्या. म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तीत आता एकच पोट उरलं होतं, गौराबाईचं. वय झालेलं. तिच्याकडून एका वेळी एकाच माणसाला पुरेल इतकं निघणार, आणि दुसरी खेप जमायला तीन आठवडे.

गौराबाईने खेकड्याची नांगी मोडली. "तुमची पोर लय आजारी हाय का?"

"फार."

"माजी बी हाय. पण माजी हुती चांगली." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला खाली बघावं लागलं. "मी देती. आदी माजी पोर. मंग तुमची."

मी गाडीशी येऊन श्रीरंगला सांगितलं. त्याने काच चार बोटं खाली केली.

"ताई, कॅप्सुला तर तूच भरणार ना?"

"हो."

"मग ही खेप मैथिलीला दे. त्या मुलीला साधं काहीतरी भर, पीठबीठ. तीन आठवड्यांनी खरं दे. कोणाला कळणार आहे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी भाची आहे ती."

मी त्याला शिवी दिली. आमच्या आईने ऐकली असती तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. पण खरं सांगायचं तर ती शिवी अर्धी मलाच होती. कारण त्याने सांगायच्या आधीच तो विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी गौराबाईचा डबा आला. मी गाळलं, धुतलं, भरलं. समोर कॅप्सुलांची एकच बाटली, तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची बाकी. काजलचं पोट आज ना उद्या थोडंफार सावरेल, तिच्या जिवाला धोका नाही. मैथिलीचं आतडं मात्र कागदासारखं झालंय. आत्या म्हणून, शास्त्रज्ञ म्हणून, कोणत्याही हिशेबाने बाटली मैथिलीची होती. फक्त ती माझी नव्हती, श्रीरंगची नव्हती, आणि 'अंतर्जीव'चीही नव्हती. ती ज्या बाईच्या पोटातून आली तिने सांगून ठेवलं होतं कोणाला द्यायची.

मी बाटली खिशात घातली आणि इस्पितळात गेले. मैथिली जागी होती, ओठ पांढरे. मी तिला सगळं सांगितलं. ती सोळा वर्षांची होती आणि पोट तिचं होतं.

तिने बाटली मागून घेतली आणि उजेडात धरून पाहिली.

"मला दिलं तर नक्की बरी होईन?"

"नक्की नाही. शक्यता आहे."

"आणि दुसऱ्या खेपेपर्यंत माझं टिकेल?"

"माहीत नाही गं."

"आपणच घालवलं ना तिचं?" ती म्हणाली. "मग तिचं तिला दे." मग तिने माझा हात घट्ट धरला. मल्लखांबाने तिच्या तळव्याला पडलेले घट्टे अजून होते. "आत्या, मला खूप भीती वाटते."

मलाही वाटत होती. ते मी तिला सांगितलं.

बाटली काजलला दिली. काजल सावरायला लागली. आणि दुसरी खेप जमायच्या आत, पंधराव्या दिवशी पहाटे, मैथिलीच्या आतड्यातून असा रक्तस्राव झाला की सर्जन थांबायला तयार नव्हते. मोठं आतडं काढलं. पोटाला भोक पाडलं, पिशवी लावली. श्रीरंग माझ्याशी बोलेनासा झाला. 'तू मारलंस तिला', असा एक निरोप त्याने पाठवला होता. ती जिवंत होती, जेली खात होती आणि काजलने पाठवलेला जाळ्यात अडकलेल्या मांजराचा व्हिडिओ बघत होती.

घरी न्यायच्या दिवशी मैथिलीने हट्ट धरला की आत्या बरोबर हवी. म्हणून आम्ही चौघं एका गाडीत. संकुलाच्या फाटकावर गाडी थांबवून आम्ही उतरलो, कारण गाडी तळघरात जाते आणि मैथिलीला चढ चढवत नव्हता. ती माझा हात धरून हळूहळू फाटकातून आत आली.

शिट्टी वाजली. लाल दिवा लागला.

बागेतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. बाबर धावत आला आणि श्रीरंगला बघून घुटमळला. "साहेब, त्ये… काय मांसाहार हाय का बॅगेत?"

"काही नाही! यंत्र बिघडलंय," श्रीरंग म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मुग्धाने घाईघाईने मैथिलीच्या अंगावर शाल ओढली.

मैथिलीने शाल काढून माझ्या हातात दिली. सदरा कमरेपासून वर केला. फिकट, खपाटीला गेलेलं पोट, त्यावर चिकटवलेली ती पिशवी, अर्धी भरलेली.

"मांसाहार नाही, बाबरकाका," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण बागेपर्यंत जाईल इतका. "गू आहे. माझाच. शुद्ध शाकाहारी."

"मैथिली!" मुग्धा किंचाळली. "तो शब्द…"

बाबर बिचारा पिशवीकडे बघेना आणि आमच्याकडेही बघेना. शिट्टी वाजतच होती. त्याने मान खाली घातली आणि नियम सांगावा तसं, मनापासून संकोचून, सांगितलं, "मंग ताई, तेवडं मागच्या लिफ्टनं जावा. पुढच्या लिफ्टला बी नाक बशिवलंय."

श्रीरंग काहीतरी बोलायला गेला. संकुलाच्या समितीत तोच होता, नाकाचा ठराव त्यानेच मांडला होता. त्याने तोंड मिटलं. मग आम्ही चौघं वळसा घालून इमारतीच्या मागे गेलो आणि कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभे राहून लिफ्टची वाट बघू लागलो.